चव्वेचाळीस आणि एक्याऐंशी यांची न झालेली भेट

गुरुवार, ९ जानेवारी २०२५, मुरुड

मागच्या वर्षी १३ मेच्या नोंदीत मी लिहिलं आहे : "शोधनिबंधातले सगळे आकडे विनेश सरांनी स्वतः तपासले." हे खरं नाही. दुरुस्ती अशी : सर त्या दिवशी केबिनमध्ये बटाटाभजी खात होते. मी कागद पुढे केले. त्यांनी विचारलं, "तपासलंस ना गं?" मी म्हणाले, "हो सर." त्यांनी बोटं पुसली आणि सही केली. याला तपासणी म्हणायचं, तर आमच्या गल्लीतलं मांजर रोज मासळी बाजाराची तपासणी करतं.

तेव्हा तसं का लिहिलं? आकड्यांवर कुणा मोठ्या माणसाचा हात आहे असं वाटलं की मला झोप लागते, म्हणून. स्वतःच्या वहीत स्वतःलाच थाप मारणारी मी एकटीच असेन.

हे आज उकरून काढायचं कारण, बडोद्याहून आलेला एक ईमेल. हेतल नावाची मुलगी, माझ्यासारखीच पीएचडी करणारी. माझा निबंध वाचून तिने सहा महिने प्रयोग केले आणि ते जमत नाहीत. फार नम्रपणे विचारते, "माझं कुठे चुकतंय ते सांगाल का?" म्हणजे माझा निबंध कुणीतरी वाचला! सरांनीही वाचला असेलच, पण पुराव्यानिशी हा पहिलाच वाचक.

शनिवार, ११ जानेवारी

प्रबंध सादर करून व्हायवाच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, तयारीला घरी येऊन दोन महिने झाले. आज आत्याने विचारलं, "केसर, तू त्या कंपुटरवर मोजतेस ते काय गो?"

तिला सांगितलं तेच इथे लिहिते, कारण सरांना सांगते त्यापेक्षा ते बरं जमलं. माशात एक प्रथिन असतं, पार्वअल्ब्युमिन. मासे खाऊन काही लोकांच्या अंगाला खाज सुटते, ती त्याच्यामुळे. मासा कितीही उकळा, हे मोडत नाही. प्रथिन म्हणजे साखळी, ही एकशेनऊ कड्यांची. एकेक कडी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. साखळी सरळ राहत नाही, टोपलीत टाकलेल्या दोरीसारखी गोळा होते. मग साखळीत लांब लांब असलेल्या कड्या एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. सेंटीमीटरचे दहा कोटी भाग करायचे. त्यातल्या साडेचार भागांहून कमी अंतर असेल, तर त्या दोघींचा संपर्क आहे असं धरायचं. कोणाचा कोणाशी संपर्क आहे, ते मी मोजते.

"म्हंजे कोन कोनाला चिकटलाय ते बगतेस?"

"तसंच म्हण."

"त्यासाठी एवढी शिकलीस? आपली येसूबाई बसल्या जागी अख्ख्या कोळीवाड्याचं सांगते."

येसूबाईचे निष्कर्ष मात्र कुणाला पडताळावे लागत नाहीत. माझा निष्कर्ष असा होता : चव्वेचाळिसावी कडी लायसिन आणि एक्याऐंशीवी ग्लुटामेट यांनी एकमेकींचा हात धरला आहे आणि तोच या प्रथिनाचा खिळा आहे. तो काढा, प्रथिन उकळताना मोडेल, खाज जाईल. हेतलने एक्याऐंशीव्या कडीच्या जागी हात नसलेली कडी बसवली. प्रथिन ढिम्म. सात वेळा केलं, सात वेळा ढिम्म.

तिला द्यायचं उत्तर मी लिहून ठेवलं आहे. त्यात तिचं पाणी, तिचे क्षार, तिची तापमापी, सगळ्यांवर शंका घेतली आहे. स्वतःला तेवढं वगळलं आहे. पाठवण्याआधी एकदा हाताने मोजून बघते. गॅस बंद केला का हे पाहायला मी आगरदांड्याच्या जेटीवरून परत आलेली बाई आहे.

बुधवार, १५ जानेवारी

दर कडीची एक चिठ्ठी छापली : ही कडी, हे तिचे शेजारी. सगळ्या चिठ्ठ्या वाळवणाच्या चटईवर दगड ठेवून पसरल्या. येणारा-जाणारा विचारत होता, "पापड गो?" मी हो म्हणत होते.

लहानपणी मला फिट्स यायच्या. "आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही," असं शाळेने सांगितल्यामुळे चौथीपर्यंत मी घरीच शिकले. (जबाबदारी न घेण्याची ही रीत पुढे उच्च शिक्षणातही भेटली.) सत्यवती आत्या घरातली एकमेव दहावी पास. तिने मला वलांडीखाली, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबू-दोऱ्यांखाली बसवून शिकवलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. मोजायचं ते जोडीने, आणि जबड्यांच्या गाठीला हात लावून. वाऱ्याने शेपट्या एकमेकींना लागतात. नुसत्या डोळ्यांनी मोजणारा त्यांनाही जोड्या समजतो. दोन, चार, सहा, आठ. विषम संख्याही असतात हे मला वर्षभराने कळलं आणि फार अन्याय झाल्यासारखं वाटलं.

दुपारी वारा सुटला तेव्हा आत्याने चिठ्ठ्या गोळा केल्या. हात सवयीने जोड्या लावत होते.

"किती कड्या म्हनालीस गो?"

"एकशेनऊ."

"मंग एक सुटी उरायला होवी. उरली न्हाय. पुऱ्या छप्पन जोड्या हायेत."

"तुझं चुकलं असेल."

आत्याने चिठ्ठ्या उलट बाजूने मोजल्या. छप्पन.

छप्पन दुणे एकशेबारा. तीन चिठ्ठ्या जास्त.

गुरुवार, १६ जानेवारी

तीन कड्यांच्या दोन-दोन चिठ्ठ्या निघाल्या आहेत. चव्वेचाळीस, साठ आणि एक्याऐंशी.

ज्यांनी क्ष-किरणांनी या प्रथिनाची रचना शोधली (त्यात माझा काही हात नाही, मी ती फक्त डाउनलोड केली), त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं आहे की या तीन कड्या एका जागी बसत नाहीत. निम्मा वेळ 'अ' जागी असतात, निम्मा वेळ 'ब' जागी. चव्वेचाळीस 'अ' जागी असते तेव्हा एक्याऐंशीही 'अ' जागीच असते. तेव्हा दोघींमध्ये साडेसहा भागांचं अंतर, म्हणजे संपर्क नाही. दोघी 'ब' जागी गेल्या तरी तेच. माझ्या प्रोग्रॅमने मात्र सगळ्या जागा एकाच वेळी भरल्या. मग 'अ' जागेवरच्या चव्वेचाळीसने 'ब' जागेवरच्या एक्याऐंशीचा हात धरला. अंतर तीन पूर्णांक एक. वा! मी ज्यांचं लग्न लावलं, त्यातला नवरा सोमवारी घरी असतो आणि नवरी मंगळवारी.

मतदार यादीत एकाच माणसाचं नाव दोन वॉर्डांत आलं की आपण हसतो. मी तसल्या दोन नावांच्या भरवशावर प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिलं. अठ्ठावन्न पानं. प्रोग्रॅममध्ये फक्त एक ओळ लिहायची राहून गेली होती : एका वेळी एकच जागा धर.

हेतलचं पाणी ठीक आहे. तिची तापमापीही ठीक आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

पुन्हा मोजलं. चूक तिथेच आहे.

सोमवार, २० जानेवारी

एसटीने कॉलेजला गेले. दोन तास मनात वाक्य जुळवत होते. केबिनमध्ये गेल्यावर त्यातलं निम्मंच आलं.

"सर, तिसऱ्या प्रकरणात एक चूक सापडली आहे."

सरांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "चव्वेचाळीसचं असेल तर आत्ता नको."

सरांची स्मरणशक्ती अफाट आहे. सहा विद्यार्थी, प्रत्येकाचं वेगळं प्रथिन, आणि यांना माझी चव्वेचाळीस तोंडपाठ. मला इतका आधार वाटला की रडूच आलं.

"रडतेस काय? कोण बघतंय? तो निबंध तीस जणांनी वाचला असेल फार तर."

"एकीने प्रयोगही केलेत सर. बडोद्याची आहे."

आता मात्र त्यांनी मान वर केली. "काय म्हणते ती?"

"तिचंच चुकतंय असं म्हणते."

"मग झालं तर. तिला सांग, मीठ बदलून बघ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ केसर. एकवीस फेब्रुवारीला तुझी व्हायवा आहे. एकतीस मार्चला नोंदणीची मुदत संपते. तिसरं प्रकरण काढलंस तर पुन्हा नोंदणी, पुन्हा पाच वर्षं. आधी डॉक्टर हो. विद्यार्थ्याची चूक ही चूक असते. डॉक्टरची झाली की तिला पुनर्विचार म्हणतात."

येताना एसटीत लाज वाटत होती. या माणसाने माझ्यासाठी काय नाही केलं? निबंध मासिकाकडून परत आला तेव्हा परीक्षकाचे पाच प्रश्न होते. सर म्हणाले, "तिसरा किरकोळ आहे, त्याचं उत्तर मी देतो, तू बाकीचे बघ." मला तो वाचायचीही तसदी दिली नाही. मग निबंधाच्या शेवटी स्वतःहून एक ओळ घातली : संपर्कांची सर्व मोजणी केसरने एकटीने केली. इतकं श्रेय कोण देतं? मी विभागात पेढे वाटले होते. आणि गेल्या ऑगस्टमध्ये नव्या प्रकल्पाच्या अर्जात माझं पहिलं, दुसरं आणि चौथं प्रकरण वापरलं, पण तिसऱ्याला हात लावला नाही. "ते तुझं आहे," म्हणाले.

अशा माणसाला मी काय दिलं? रिकाम्या जागी ठोकलेला खिळा.

रविवार, २६ जानेवारी

सत्कार झाला.

बाबांनी, म्हणजे माझे वडील अनंता यांनी, निबंध छापून आल्यापासून बंदरावर एकालाही सोडलेलं नाही. परिणामी झेंडावंदनानंतर मच्छीमार सोसायटीतर्फे शाल, नारळ आणि आठ बाय चारचा फ्लेक्स. फ्लेक्सवर मी, माझ्या शेजारी सुरमई आणि दोघींच्या मध्ये प्रथिनाची आकृती. ती जिलबीसारखी दिसते. खाली मजकूर : "मासळीची खाज शोधणारी मुरुडची कन्या." लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, एवढंच म्हणते.

सोसायटीचे धर्माकाका बोलले. "आपल्या केसरनी मासळीतला खिळा पकडला हाय! एक खिळा! त्यो काडला का गोरी मानसं पन सुरमई खातील, आन अंग खाजवनार न्हाईत!"

टाळ्या पडल्या. बाबा पांढरा शर्ट घालून मोबाइलवर चित्रण करत होते. यासाठी बोट एक दिवस आधी किनाऱ्याला आणली होती. त्यांच्या चित्रणात मी कमी आणि त्यांचा अंगठा जास्त आला आहे.

मला बोलायला सांगितलं. मी दोन वाक्यं बोलले. "सगळ्यांचे आभार. संशोधन अजून चालू आहे." दुसरं वाक्य खरं होतं. त्यालाही टाळ्या पडल्या.

खाली उतरल्यावर येसूबाईने हात धरला. "गो केसर, माज्या जावयाला कोलंबीची खाज येते. त्याचा पन खिळा काड ना."

"बघते," म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची यादी लांबत चालली आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

हेतलचा फोन आला. आवाज अगदी लहान मुलीसारखा.

"केसरबेन, गलती मेरे हाथ में ही है ना?"

तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, छापून आलेली गोष्ट सात वेळा फसते म्हणजे हात निष्काळजी आहेत. मंगळवारी, अठरा फेब्रुवारीला तिच्या कामाचा आढावा घेणारी समिती बसणार आहे. तोपर्यंत जमलं नाही तर तिला प्रयोगशाळेतून काढणार. तिचे मार्गदर्शक तिला तसं तोंडावर सांगून मोकळे झालेत. "मैंने तो आपका फिगर दीवार पे लगाया है," म्हणाली. "रोज सुबह देखती हूँ, कि दीदी को दिखा, तो मुझे क्यों नहीं दिखता."

आता सांगून टाकायचं असं ठरवून मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "एक बार नमक बदल के देखो."

पुढे वहीत दुरुस्ती करायची वेळ येऊ नये म्हणून जसं घडलं तसं लिहिते. हे वाक्य मी म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सर तिथे नव्हते. फोन ठेवताना ती "थँक यू" म्हणाली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हेतलने मीठ बदललं. आठव्यांदाही ढिम्म. वेळ काढून मदत केल्याबद्दल तिने माझे आभार मानले आहेत.

दिवसभर काही खाल्लं नाही. मग वाटलं, उपाशी राहून मी स्वतःला चांगली ठरवते आहे, आणि तेही हेतलला न सांगताच. म्हणून जेवले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आत्याला सगळं सांगितलं. ती जाळ्यांच्या ढिगावर बसून सुपारी कातरत होती.

"मंग सांग की त्या पोरीला."

"सांगणार आहे. व्हायवा झाल्यावर."

"कवा हाय तुजी?"

"एकवीसला."

"आन तिची?"

"अठराला."

आत्याने अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे तिला घरी बसवल्यावर तीन दिसांनी तू जानार, आन सांगनार, गो बाय, तुजी चूक न्हवती. लय भारी. नारळ पन ने सोबत, त्यो सत्काराचा."

"सर म्हणतात..."

"सर तिचा कोन?"

मी सांडलेली सुपारी गोळा करायला लागले. मग आत्याने विचारलं, "पन काय गो, तू बोलायच्या आदीच तुज्या सरला नंबर कसा ठाव?"

"अभ्यास असतो त्यांचा," मी जरा तोडूनच म्हणाले. आत्याला विद्यापीठातली माणसं माहीत नाहीत. तिला सगळेच मासळीचे दलाल वाटतात.

"व्हय व्हय," आत्या म्हणाली आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

हेतलला लिहायच्या पत्राचे चार मसुदे झाले. पहिल्यात माफी इतकी होती की चूक कुठे आहे तेच सापडत नव्हतं. दुसऱ्यात 'तांत्रिक त्रुटी' असा शब्द आला. त्रुटीला तांत्रिक म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही, म्हणून फाडला. तिसरा जास्त करून माझ्या पाच वर्षांबद्दल होता. ती पाच वर्षं हेतलने काय करायची?

चौथ्यात सहा ओळी आहेत. तुमचा प्रयोग बरोबर आहे. मी अशी चुकले. आठही वेळा तुम्ही योग्य तेच मोजलंत. मीठ बदलायला सांगितलं तेव्हा मला चूक माहीत होती. हे पत्र तुमच्या समितीला दाखवा. केसर.

चौथी ओळ तीनदा खोडली आणि तीनदा लिहिली. आता आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तीन कागद तयार आहेत. हेतलचं पत्र. मासिकाच्या संपादकांना पत्र : निबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, तो मागे घ्यावा, सोबत दुरुस्त केलेली मोजणी आणि प्रोग्रॅममधली राहिलेली ओळ. आणि व्हायवा पुढे ढकलण्याचा अर्ज. मुदतीचं काय होईल ते विचारायला कॉलेजच्या ऑफिसात काल फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, "असं स्वतःहून कोणी करत नाही हो, त्यामुळे फॉर्मच नाहीये." कोऱ्या कागदावर लिहिला.

सरांना आधी दाखवणार नाही. दाखवलं तर त्यांच्या स्वभावाप्रमाणे ते चुकीचा अर्धा वाटा स्वतःवर घेतील आणि ते मला सहन होणार नाही. संपादकांच्या पत्रात मी शेवटी स्पष्ट लिहिलं आहे : "माझे मार्गदर्शक डॉ. विनेश यांना या चुकीची कोणतीही कल्पना नव्हती." पत्रातला प्रत्येक आकडा मी तीनदा तपासला. हे एकच वाक्य एका दमात उतरलं आणि त्यावर परत नजर टाकावीशीही वाटली नाही.

आजच का पाठवत नाही, असं आत्याने विचारलं. शनिवार-रविवारी संपादक पत्र उघडत नाहीत, हे मी दिलेलं कारण. खरं कारण असं की बाबा समुद्रावर आहेत आणि उद्या संध्याकाळी परततात. फ्लेक्स अजून बंदरावर आहे. तो उतरवायचा आहे हे त्यांना धर्माकाकांकडून नाही, माझ्याकडून कळलं पाहिजे.

आत्या म्हणाली, "सोमवारी न्हाय गेलीस तर मी जाईन त्या बडोद्याला. माजी भाषा तिला कळंल न कळंल, पन मी जाईन." ती जाईल याबद्दल मला शंका नाही.

म्हणून तारीख आणि वेळ इथे लिहून ठेवते. सकाळी सव्वाआठची एसटी. साडेदहाला कॉलेजच्या ऑफिसात अर्ज देऊन पोच घ्यायची. मग तिथूनच, नेट नीट मिळतं तिथून, आधी हेतलला आणि लगेच संपादकांना.

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५.